माहेरच्या खतातली हुमणी

सासूबाईंचा मोगरा मी मारायला निघाले होते, आणि तेही प्रेमाने. कुंडी उकरताना दोन गुबगुबीत पांढऱ्या अळ्या सापडल्या, त्या मी हलक्या हाताने परत मातीत ठेवल्या, वरून माती सारखी केली आणि "राहा हो सुखाने" असंही म्हटलं. मला ती गांडुळाची बाळं वाटली.

लहान होते म्हणावं तर तेही नाही. चांगली पन्नाशीला टेकलेली, दोन मुलांची आई. देवळा गावच्या कांदेवाल्या शेतकऱ्यांची लेक म्हणून इंदिरानगरातल्या अख्ख्या कॉलनीला झाडांबद्दल सल्ले द्यायचे. खरं सांगायचं तर माहेरी मी शेतात जायचे ती शेंगा खायला आणि विहिरीच्या काठावर पाय सोडून बसायला.

सासूबाई महिनाभर लेकीकडे निघाल्या तेव्हा त्यांनी एकच सांगितलं होतं, "मोगऱ्याला पाणी तेवढं घाल. बाकी काही करू नकोस." हा मोगरा त्यांच्याबरोबर तीन भाड्याची घरं फिरून आमच्या गच्चीवर आला होता. उन्हाळ्यात रोज त्याची दोन फुलं माठात पडायची. त्याशिवाय त्यांना पाणी गोड लागायचं नाही. पण मला त्या परत येतील तेव्हा मोगरा बहरलेला दाखवायचा होता ना! म्हणून माहेरहून शेणखताचं पोतं आणलं. थोरला भाऊ म्हणत होता, "कच्चं हाय गं अजून, कुजू दे." पण माहेरच्या खताला कुणी नावं ठेवलेली मला कशी चालणार, मग ती माहेरच्या माणसानेच का ठेवेना.

काही दिवसांत पानं पिवळी पडली, फांद्यांनी माना टाकल्या. मी पाणी वाढवलं. मग आणखी मूठभर खत. शेवटी एक कललेली फांदी सरळ करायला गेले, तर दह्यातून चमचा निघावा तसं अख्खं झाड वर आलं. खाली मुळं जवळजवळ नाहीतच. कुंडी वर्तमानपत्रावर पालथी केली, तर चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्याच अळ्या.

भावाला फोन लावला. आधी तो पोटभर हसला.

"अगं, हुमणी हाय ती! मुळं खाती. गांडुळाला कधी पाय पाह्यले का तू?"

"मग आता काय करू, दादा?"

"माती उन्हात पसर, बाकीचं साळुंक्या करतील. मुळं धू, फांद्या छाट, नव्या मातीत लाव. आणि आता लय माया करू नको त्याच्यावर."

साळुंक्यांची पंगत उठली. मोगऱ्याचा वीतभर खुंट उरला. सासूबाई यायला चार दिवस होते, आणि त्यांना मी हे काय तोंडाने सांगणार? मग मी दुसरा शहाणपणा केला. नर्सरीतून नवा मोगरा आणून त्यांच्या कुंडीत लावला आणि जुना खुंट फुटक्या बादलीत लावून पाण्याच्या टाकीमागे लपवला. रोज जाऊन बघायचे. कोंब काही दिसेना.

सासूबाई आल्या, पाय धुतले आणि तडक गच्चीवर. एक पान उलटं करून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तशाच खाली उतरल्या. जेवणही दोन घासांत आटोपलं. दुपारी पंख्याखाली नुसत्याच बसून राहिल्या, तेव्हा मात्र मला राहवेना. बादली आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि खताच्या पोत्यापासून टाकीपर्यंत सगळं सांगून टाकलं, गांडुळाच्या बाळांसकट.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नखाने खुंटाची साल जराशी खरवडली, बादली डोळ्यांजवळ ओढून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "आतून हिरवा आहे गं अजून. आणि तो नवाही राहू दे कुंडीत, त्याला कशाला सासुरवास?"