तिघऱ्याच्या बोटीचं दार

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आम्हा मराठी लोकांना एक वाईट खोड होती. ऑफिसात, बाजारात सगळीकडे हिंदी, म्हणून मनातलं बोलायचं ते बिनधास्त मराठीत, समोरच्याच्या तोंडावर. संस्थान होतं तेव्हा अर्धे साहेब मराठीच, त्यामुळे जीभ आवरावी लागे. विलीनीकरणानंतर सुटली ती सुटलीच. माझी तर जरा जास्तच.

तिघऱ्याच्या धरणावर मी सरकारी मोटरबोट चालवत होतो. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि कुठलं सामान ठेवायचं, कुठल्या माणसाला कुठे धाडायचं याची पाहणी सुरू झाली. आमच्याकडे आले एक जाडजूड साहेब. हिंदी खणखणीत. भर पाण्यात ते केबिनमध्ये शिरले, मागे सरकतं दार ओढून घेतलं, आणि दार बसलं ते बसलंच. आतून ते ओढतायत, बाहेरून मी. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बस आता आतच! एवढं पोट घेऊन शिरायला सांगितलं होतं कोणी?"

बाजूच्या खिडकीतून साहेबांचं डोकं बाहेर आलं. "पोट माझं आहे नं? दार तुमचं आहे. तुम्ही दाराचं पाहा."

अस्सल नागपूरचा माणूस! त्यांना खिडकीतून ओढून काढताना आम्ही दोघंही एकमेकांकडे बघत नव्हतो. काठावर उतरून कोट झटकत ते म्हणाले, "महिन्यानं परत येतो. दार असंच असलं तर बोट लिलावात, आणि तुम्ही जगदलपूरला."

जगदलपूर म्हणजे नव्या राज्याचं पार दुसरं टोक. बायको लष्कर भागातच मुलींच्या शाळेत शिकवायची, तिची नोकरी सोडवणार कोण? संसाराचे सरळ दोन तुकडे. घरी सांगितलं तर ती म्हणाली, "दार नंतर, आधी तोंड दुरुस्त करा."

त्या दाराला आधी दोन सुतार रंधा मारून गेले होते. दरवेळी बोट काठावर ओढून लाकडी घोड्यांवर चढवायची, दार तासायचं, आणि काय गुळगुळीत सरकायचं म्हणता! पाण्यात उतरवली की पुन्हा रडगाणं. मीही आधी तेच करायला निघालो होतो. घोड्यांवर चढवलेल्या बोटीच्या केबिनमध्ये बसून दार मागेपुढे करत होतो, मस्त सरकत होतं, आणि एकदम कपाळावर हात मारला. अरे, इथे सरकतंय तर तासायचं काय? बोट इथे दोन घोड्यांवर टेकलीय, पाण्यात ती सगळ्या पोटावर तरंगते. वर माणसं बसली की तिचं अंग आणखी थोडं वाकतं. चौकट हलते ती तिथे. दुखणं पाण्यात आणि औषध काठावर!

म्हणजे दार बसवायचं ते पाण्यात, आणि तेही भरल्या बोटीत. भरायची कशानं? मी सासुरवाडीला सहलीचं आमंत्रण दिलं. पाटणकर बाजारातून सगळी मंडळी टांग्यांतून आली, पुऱ्या, बटाट्याची भाजी, लोणचं घेऊन. बोट धक्क्याला बांधलेली, आणि मी एकेकाला जागा नेमून देतोय. मोठे मेव्हणे मागे, सासूबाई मधे. सासूबाईंना वाटलं, जावई काय मान देतोय! बायकोला सगळं ठाऊक. ती कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या माहेरचं वजन शेवटी कामाला आलं ना?"

ते पुऱ्या खात होते आणि मी केबिनच्या फळ्यांवर पालथा. खालची पट्टी, ज्यावर दाराची चाकं धावतात, ती मागच्या टोकाला दबलेली दिसली. दार तिरकं होऊन वर चौकटीत रुतत होतं. स्क्रू ढिले केले, पट्टीखाली पत्र्याचा तुकडा सारला, दार सरकवून बघितलं, पुन्हा काढला, आणखी पातळ घातला. "अहो, कुणी उठू नका!" मी दोनदा ओरडलो. मेव्हणे तिसरी वाढ घ्यायलासुद्धा उठले नाहीत. संध्याकाळी दार करंगळीनं सरकत होतं. बायकोनं सरकवून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही म्हणजे काही टोमणा मारला नाही. मी फुशारलो होतो, लपवत नाही.

साहेब आले ते पत्नीला घेऊन. आणि केबिनमध्ये जायलाच तयार नाहीत! रणरणत्या उन्हात बाहेरच्या फळीवर बसले, रुमाल डोक्यावर. आत पाऊलच टाकलं नाही तर दार बघणार कसं? आणि मी तर माझी जीभ दातांखाली धरून ठेवलेली. भर पाण्यात त्यांच्या पत्नी उठल्या, दार सरकवून आत गेल्या, पाठीमागे लावून घेतलं. साहेबांचा चेहरा पांढरा. मिनिटभरात दार उघडलं, बाई म्हणाल्या, "आत या नं, काय उन्हात बसलात!"

साहेब उठले, आत गेले. दार लागलं. मी सुकाणू धरून कान दाराकडे लावले, देवाचं नावसुद्धा आठवेना. थोड्या वेळानं दार सर्रकन उघडलं, साहेब पाण्याच्या पातळीबद्दल पत्नीशी काहीतरी बोलत बाहेर आले, आणि बोलता बोलताच हात मागे करून त्यांनी ते लावून टाकलं. वळूनसुद्धा बघितलं नाही.

माझ्यानं राहवेना. "साहेब, दार!"

ते दचकून वळले. "काय झालं दाराला?"

"काही नाही, साहेब," मी म्हणालो. "काही झालं नाही."