दीड एकराचं रेडकू

धरणगावहून सकाळच्या एसटीत बसले तेव्हा रेडकाची जात माझ्या मनात पक्की होती: जाफराबादी. डोंगराएवढं जनावर, डोंगराएवढं मटण. शेजारच्या सीटवर माझी नात रुखसार शिंप्याची टेप बोटाला गुंडाळत बसलेली. सुरतेची नोकरी सोडून ती आमच्या दीड एकरात मटणासाठी रेडकं वाढवायला आली होती. गोऱ्हे-बैल कायद्यानं बंद, म्हणून म्हैसवर्गच. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, बजावलं होतं, "पहिली खेप अंगाला लागली नाही, तर शेत प्लॉटवाल्याला आणि तू परत सुरतेला."

"दादी, जात चाऱ्याकडे बघून निवडायची," रुखसार म्हणाली.

"माझ्या सासरी तीन पिढ्या मटणाचं दुकान. मला शिकवतेस?"

सासरी माझी कीर्ती वेगळीच होती, ते तिला सांगितलं नाही. एकोणिसाव्या वर्षी, लग्नाला महिना झाला नव्हता, सासऱ्यांमागे हट्टानं बाजारात गेले आणि टम्म पोटाचा हेला (रेडा) पसंत केला. विकणाऱ्यानं पहाटे त्याला मीठ चारून हौदभर पाणी पाजलेलं. घरी पोहोचेपर्यंत अर्धा हेला रस्त्यावर सांडला. आणि ती महामाया, म्हणजे मी, पदर सावरत सासऱ्यांना सांगते, "अब्बा, प्रवासानं वाळला असेल!"

धुळ्याच्या बाजारात उतरलो आणि जाफराबादी पाहून मी दोन पावलं मागे सरले. कपाळ घमेल्याएवढं, शिंगं डोळ्यांवर ओघळलेली. समोर कडब्याचा ढीग होता. मी चष्मा पुसून परत घातला, तर ढीग निम्मा.

मालकाला सगळे नाना म्हणत होते. त्यांनी विचारलं, "अक्का, जमीन कितली शे?"

"दीड एकर."

"मंग ऱ्हाऊ द्या. हाऊ एकलाच बठ्ठा चारा खाई जाई, मंग तुम्हना पदर धरी."

मी पदर आवरून पुढच्या रांगेत सटकले. तिथं एक मुऱ्हा जातीचा हेला उभा होता. काळा कुळकुळीत, पोट ढोलासारखं. पाठीवर थाप मारून मी जाहीर केलं, "हाच!"

रुखसारनं त्याच्या पुढच्या पायांमागून छातीला टेप लावली. "दादी, पोट काहीही सांगतं. छातीच्या घेरावरून वजन कळतं. ते कोपऱ्यातलं बारकं याच्यापेक्षा जड भरेल."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या हेल्यानं शेपूट उचललं. मी बाजूला झाले. धार थांबेना. आणखी बाजूला झाले. ओघळ पार चहाच्या टपरीपर्यंत गेला, गिऱ्हाइकांनी पाय वर घेतले, आणि ते ढोलासारखं पोट माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं. त्याच्या दाव्याशी मिठाचे खडे पडलेले!

बहात्तराव्या वर्षी, तोच खड्डा, तीच मी. त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला आयुष्यभर हसत आले. तिला निदान अक्कल नव्हती म्हणता येतं.

नाना लांबून ओरडले, "अक्का, हेला देखी ऱ्हायन्यात का पाट?" सगळा बाजार हसला. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "कमी चारावर वाढणारं जनावर जोयजे ना? पूर्णाकाठले जा."

रात्री जळगावात भाचीकडे शेवभाजी खाल्ली. दुसऱ्या दिवशी केळीच्या बागा मागे टाकत पूर्णेच्या काठी पोहोचलो. एका आबांच्या गोठ्यात शिरले आणि किंचाळलेच. म्हशी भुऱ्या, काही तर पांढरटच!

"आबा, यांना कावीळ झालीय!"

"कावीळ नाही व्हय, अक्का. पूर्णाथडी हाये. जातच भुरी." त्यांनी चिरलेला केळीचा खांब आणि कडब्याची कुट्टी समोर टाकली. "उन्हाळ्यात मानसं आंग टाकता, पन हे नाही टाकत."

आबांच्या घरून कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि ठेचा आला. मी जेवत होते, पण रुखसारचा घास हातातच. ती प्रत्येक रेडकू किती कुट्टी खातं ते तागडीवर तोलून वहीत मांडत होती. शेवटी तिनं तीन रेडकं निवडली. ती मला बोटभरही आवडली नव्हती. कालच्या पाटानंतर मत द्यायला तोंड उरलं नव्हतं.

टेम्पो दारात थांबला तेव्हा मुलगा दुकान बंद करून आलेला. त्यानं कपाळाला हात लावला. "अम्मी, आजारी जनावरं उचलून आणलीत?"

त्यानं एका रेडकाच्या मागच्या बरगडीपाशी, कमरेवर अंगठा दाबला. आमच्या दुकानात मांस असंच जोखतात. एकदा दाबला. परत दाबला. मग दुसऱ्याला, तिसऱ्याला.

"चौथं का नाही आणलं?" तो म्हणाला. "जागा आहे की."

"जागा आहे, अब्बा. चारा तिघांचाच आहे."

तो खुंटीवरचा विळा काढून गवताच्या वाफ्याकडे गेला.

पन्नासेक वर्षं मी जनावरांच्या तोंडात बोटं घालून दात मोजले. त्या तोंडात रोज काय घालायचं, हे एकदाही मोजलं नाही. बाहेरून मुलाची हाक आली, "रुखसार, किती कापू?" मी सवयीनं उत्तर द्यायला उठले, आणि परत बसले. प्रश्न मला नव्हता.