गोदावरीबाईंनी खुरपलेला वाफा

आमच्या शेजारी शिवशंकर राहतो. त्याची आई गोदावरीबाई मुखेडकडच्या खेड्यातून लातूरला कायमची राहायला आली, तेव्हा रिक्षातून उतरली ती हातात खुरपं घेऊन. नाटक कंपन्यांतून मी उभा जन्म राण्या केल्या, तलवारी पेलल्या. पण कुठलीही वस्तू इतक्या सहज मला कधी धरता आली नाही.

त्यांचं सगळं आयुष्य खुरपणीत गेलेलं. नवरा, भुजंगराव, वारल्यावर रान बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिलं आणि त्या मुलाकडे आल्या. इथे स्वयंपाकाला बाई, धुण्याला मशीन. सून ऋतुजा क्लासमध्ये शिकवते. मुलगी गुणाची, पण दोघींचं बोलणं म्हणजे, "आई, चहा घ्या." "घेते." "आई, पडा जरा." "पडते." नव्या नटांनी संवाद नुसते पाठ म्हणावेत, तसं. ना भांडण, ना हसणं. कुंपणापाशी येऊन बाई मला विचारायच्या, "अक्का, पाव्हण्यानं किती दिवस ऱ्हावं वं?"

यंदा जूनमध्ये एका सकाळी ऋतुजा कामावर गेली आणि बाई अंगणातल्या वाफ्यात उतरल्या. वाफा बारीक, हिरव्यागार पात्यांनी गच्च भरलेला. शेतकरी बाईच्या नजरेला त्याचं नाव एकच, लव्हाळा. कितीही उपटा, पुन्हा उगवणारा रानातला वैरी. बाईंनी सगळा वाफा खुरपून आरशासारखा केला, ढीग शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर टाकला आणि मला हाक मारली, "अक्का, बघा की, कसं लखलखीत केलं!"

मी कुंपणाशी येऊन पाहिलं. "बाई, ही ऋतुजाची रेन लिली होती. पांढरी फुलं येतात. नांदेडहून, माहेरच्या अंगणातून तिनं कंद आणले होते."

बाईंनी खुरपं खाली टाकलं. "म्हंजे फुलझाड उपटलं मी? लेकराचं माहेर उपटलं!" मग डोळे पुसत म्हणाल्या, "रविवारी मुखेडची गाडी धरते. हितं माझं कामच न्हाई."

मी पदर खोचला. "ऋतुजाला सांगते, मीच तुम्हाला उपटायला लावलं. म्हणाल तर दोन आसवंही गाळून दाखवते."

"नका. तुमचं खोटं नाटकात शोभतंय. माझ्या हातानं झालंय, माझ्याच तोंडानं सांगीन. आधी ते कंद हुडकू."

आम्ही दोघी त्या ढिगापाशी जाऊन बसलो. त्यात खरा लव्हाळाही मिसळलेला होता. चष्मा लावूनही मला सगळं सारखंच दिसत होतं. बाईंना मात्र हळूहळू खूण सापडली. लव्हाळ्याची गाठ काळी, टणक, आणि फोडली की उग्र वास. लिलीचा कंद लहानशा कांद्यासारखा पांढरा, पापुद्र्यांचा. तिचं पातं गुळगुळीत, गोलसर, तर लव्हाळ्याच्या पात्याला मधोमध घडी. "डोळ्यानं फसले," त्या पुटपुटल्या, "हातात धरून बघाया पायजे होतं."

दुपारी ऋतुजा आली. रिकामा वाफा पाहून ती फाटकातच थांबली. बाई ओच्यात कंद घेऊन समोर गेल्या. "मी उपटलं. लव्हाळा वाटला. काय बोलायचं ते बोल."

ऋतुजाचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, नेहमीसारखंच "असू द्या आई" म्हणेल आणि दार लावून घेईल. पण ती फाडकन बोलली, "विचारायचं तरी ना, आई! एक फोन करायचा!"

"चुकलंच माझं."

"आणि हे उन्हात काय धरून बसलात? द्या इकडं."

पर्स पायरीवर टाकून ती वाफ्यात बसली आणि बोटानं खड्डे करू लागली. बाईंना राहवेना. "अगं, इतकं खोल? कांदा कुजतो! मान वर ऱ्हाऊ दे."

"हा कांदा नाही, आई. उन्हात मान वाळेल."

"मी चाळीस वर्सं कांदा लावला."

"मग तुमच्या बाजूला तुमच्यासारखं लावा. इकडं हात घालू नका!"

"न्हाई घालत! बघू कुणाच्या बाजूला फूल येतंय."

मी कुंपणाशी उभी राहून ऐकत होते. आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता, आणि आडपडदा न ठेवता सांगते, असा प्रवेश मला रंगभूमीवर कधी मिळाला नाही.

रविवारी सकाळी शिवशंकर बिचारा मोटारसायकल काढून उभा राहिला. "आई, मुखेडची गाडी आठला हाय. चलतीस का?"

बाई वाफ्याला झारीनं पाणी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आन् ही माझ्या बाजूचे कंद काढून खोल गाडून ठेवील, ते? ठेव गाडी आत."

खिडकीतून ऋतुजाचा आवाज आला, "पाणी लई घालताय तुम्ही, आई!"