चौथी रिंग

आमचं ठरलेलं होतं. हे कुठेही गेले की पोचल्यावर घरच्या फोनवर तीन रिंग देऊन ठेवून द्यायचे. मी उचलायचा नाही. चौथी वाजली, तर काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

त्या शनिवारी हे कंपनीच्या कामानं ऑस्ट्रियात होते. ग्राझहून इन्सब्रुकला जायचं होतं, पंख्याच्या छोट्या विमानानं. आदल्या दिवशी ‘ट्रेननं जा’ म्हणून मी फोनवर भांडले होते. “ट्रेनला सहा तास लागतात, विमानाला एक,” म्हणाले. लेकीच्या ॲटलासवर मी दोरा धरून पाहिला. अंतर जेमतेम पुणे-कोल्हापूरच्या दीडपट, पण दोऱ्याखाली सगळे आल्प्स.

आमच्याकडे अमेरिकेत, शॉमबर्गला सकाळचे आठ वाजले की हे तिकडे उतरणार होते. आठ वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. स्वयंपाकघरातल्या फोनखाली मी स्टूल घेऊन बसले. लेक म्हणाली, “मॉम, रिलॅक्स. इट्स जस्ट अ वन-अवर फ्लाइट.” तिच्यावर ओरडले. चहा केला आणि तसाच ओतून दिला. शेजारच्या काकूंशी बोलावंसं वाटत होतं, पण लाइन अडकेल म्हणून फोनला हात लावला नाही.

एक वाजता फोन वाजला. एक, दोन, तीन. मी डोळे मिटले. चौथी वाजली. पाचवीही. शेवटी लेकीनंच रिसीव्हर उचलून माझ्या कानाला लावला.

“अगं, खास तुझ्यासाठी ट्रेननं आलो,” हे खुशीत सांगत होते. “आता तरी घाबरली नाहीस ना?”

“पुढच्या वेळी,” मी म्हटलं, “विमानानंच जा.”