व्याह्यांना बँक पसंत पडेना

माझ्या व्याह्यांइतका बँकांवर रागावलेला माणूस अख्ख्या अबू धाबीत सापडणार नाही, आणि त्यांच्यावर माझ्याइतकं रागावलेलंही कुणी नाही. सुनेचे हे वडील अर्धं आयुष्य अमेरिकेत काढून तिथले नागरिक झाले आणि बायको गेल्यावर अल रीम आयलंडवर, आमच्याच फ्लॅटमध्ये, लेकीजवळ राहायला आले. लग्नाच्या वेळी त्यांचा निळा पासपोर्ट बघून मी अशी हरखले होते, की साड्यांच्या दुकानात आधी व्याही कोण ते सांगायची, मग रंग. आता तोच पासपोर्ट काउंटरवर ठेवला की समोरचा माणूस विंचू दिसल्यासारखी खुर्ची मागे घेतो.

तिकडच्या बँकेने कळवलं, तुम्ही परदेशात राहता, खातं बंद करतोय. इकडच्या बँका म्हणतात, तुम्ही अमेरिकन, तुमची माहिती तिथल्या करखात्याला कोण कळवत बसणार? मग पेन्शन काय उशीत भरू, असं ते मलाच दरडावून विचारत, जणू नियम मी केले. त्यात यांचे नखरे. पहिल्याच भेटीत हबीबी म्हणणारा मॅनेजर चालत नाही. कुणी 'इन्शाल्ला, होऊन जाईल' म्हटलं की हे विचारणार, कोणत्या वारी? एका बँकेने चक्क होकार दिला, तर एसीचं वारं मानेवर येतं म्हणून हेच उठून आले. त्या दिवशी टॅक्सीत मी भडकले.

"खलास आता. लेकीच्या खात्यात पैसे ठेवा आणि गप्प जेवा. मी नाही का जेवत?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुम्ही मुलाकडे राहता, विहीणबाई. मी मुलीकडे राहतो. तिच्या खात्यात पैसे गेले, की कोथिंबिरीलासुद्धा तिच्याकडे मागायचे."

इतकी वर्षं अमेरिकेत राहून माणूस काय काय विसरला असेल, पण लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये हे काही विसरला नव्हता. माझा राग तसाच राहिला, फक्त कुणावर ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना त्या वाऱ्याच्या बँकेत नेलं. मानेभोवती माझी शाल गुंडाळून त्यांनी सह्या केल्या, आणि पासपोर्ट बघून कुणी खुर्ची मागे घेतलीच तर, म्हणून मी शेजारी डोळे वटारून बसले.

कार्ड आलं त्या रविवारी ते एकटेच जाऊन सुरमई घेऊन आले. भाव आधी दिरहॅममध्ये सांगितला, मग रुपयांत, मग कुणी न विचारता डॉलरमध्ये. मासे महाग पडले होते, जरा शिळेही होते. सून मान खाली घालून जेवत होती.

मी दोनदा मागून घेतले.