ओझेल टार्पलीची कुंडी

ग्रीनव्हिलच्या नेल्सन स्ट्रीटवर ओझेल टार्पलीला ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही, आणि त्याला बघून दार लोटून घेतलं नाही असाही सापडायचा नाही. माणूस वाईट नव्हता हो. सरकीच्या तेलाच्या गिरणीत उभा जन्म काढला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण खोड वाईट. लोकांच्या ओसऱ्या हिंडत हा बाबा गाण्यांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या गोळा करायचा. नव्या वाकणाऱ्या प्लास्टिकच्या नव्हेत. त्या जुन्या, जड, काळ्या, हातातून सुटल्या की मातीच्या ताटलीसारख्या फुटणाऱ्या. आमच्या तरुणपणी शनिवारी कॅफेतल्या ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकलं की ज्या वाजायच्या आणि ज्यांच्यापायी रविवारी चर्चमध्ये मान खाली घालून बसावं लागायचं, त्या.

मागायचीही त्याची एक रीत होती. आल्या आल्या तबकडीचं नाव काढायचं नाही. नदीतल्या दोन कॅटफिश कागदात गुंडाळून न्यायच्या, ओसरीवर टेकायचं, गुडघ्यांची विचारपूस करायची, गोड थंड चहा प्यायचा, गेलेल्यांची नावं घेऊन उसासे सोडायचे. आणि निघताना पायरीवर थबकून, आत्ताच आठवल्यासारखं, पलंगाखाली जुनंपानं काही पडलंय का म्हणून विचारायचं. लोक मासे ठेवून घ्यायचे आणि पलंगाखाली काही नाही म्हणायचे. तरी याचं खुराडं भरलं. खुराडं म्हणजे खरोखरचंच. कोंबड्या गेल्या आणि तिथे तबकड्या आल्या, कारण बायकोचा कायदाच होता की ती सैतानाची थाळी घराचा उंबरा ओलांडणार नाही. "कोंबड्या परवडल्या, निदान अंडी तरी द्यायच्या," व्हर्लीन म्हणायची.

आता यातली खरी गोम सांगतो. खुराड्यातल्या त्या ढिगाशी ओझेलला फारसं घेणंदेणं नव्हतं. त्याला हवी होती एकच तबकडी. गावातल्याच एका फर्निचरवाल्याने हौस म्हणून काढलेली, पिवळ्या लेबलाची. गाणं होतं 'येशील तर उपाशी ये' आणि गाणारी होती एकोणीस वर्षांची पोरगी. ओझेलने ती कॅफेत ऐकली आणि त्याचं डोकं फिरलं. नाणी टाकून टाकून खिसा रिकामा केला, पोरीचा पत्ता काढला, घिरट्या घातल्या, आणि वर्षभराने तिच्याशी लग्न लावूनच थांबला. पण नशीब बघा. त्या वर्षभरात पोरगी देवाच्या भजनी लागली होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिने स्वतःजवळची तबकडी पायरीवर आपटून फोडली आणि ते गाणं तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं. गेला होता आवाजाशी लग्न करायला आणि केलं माउंट हेब्रन चर्चच्या पहिल्या बाकाशी.

होय, तीच व्हर्लीन. चर्चच्या दाराशी पांढरे हातमोजे घालून उभ्या राहणाऱ्या बायकांची ती प्रमुख. त्या बायका बोलत नाहीत, गात नाहीत, नुसत्या बोटाच्या खुणेने भल्याभल्यांना जागेवर बसवतात. घरातही तेच. ओझेलने जन्मभर तिची बोटं पाहिली, गाता आवाज मात्र समोरासमोर कधी ऐकला नाही. मरायच्या आत एकदा तो ऐकायचा, एवढंच त्या बापड्याचं मागणं. पण बायकोपुढे ते बोलायची छाती नव्हती. गावभर मागत हिंडला, घरात कधी मागितलं नाही.

त्या साली कडाक्याच्या थंडीची चाहूल लागली तेव्हा मिस लूडी बँक्स नावाच्या म्हातारीने (लग्न झालेल्या म्हाताऱ्यांनाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात) त्याला ओसरीवरच्या कुंड्या आत घ्यायला लावलं. मासे खाऊन झालेच होते, काम तरी करू दे, असा तिचा हिशेब. ओझेलने सासूच्या जिभेची कुंडी उचलली. झाडाचंच नाव ते, लांब, टोकदार पानांचं. कुंडीचा आकार जरा विचित्र होता, कडा झालरीसारख्या दुमडलेल्या. त्याने सहज खालून पाहिलं तर पाणी जायच्या भोकाभोवती पिवळं लेबल.

त्याने कुंडी झाडासकट डोळ्यांशी नेली. एके काळी आमच्या बायकांना तेच वेड लागलं होतं. जुन्या तबकड्या पाव भाजायच्या भट्टीत ठेवून मऊ करायच्या, वाडग्यावर दाबून झालर काढायची, की झाली कुंडी. मधलं भोक आयतंच. लेबल पाण्याने पुसट झालं होतं, पण 'उपाशी' एवढं नीट वाचता येत होतं.

मिस लूडी काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. माणसाचा चेहरा पाहिला आणि तिने भाव चढवला. झाड तिच्या सासूने दिलेलं, कुंडी म्हणजे सासूची आठवण, वगैरे वगैरे. तिची सासू मेली तेव्हा हीच पोटभर हसली होती हे सगळ्या गल्लीला माहीत. शेवटी सौदा ठरला. ओझेलने लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं आणि झाडाला नवी कुंडी आणून द्यायची. ओझेल लग्नानंतर चर्चमध्ये फक्त अंत्यविधींना जायचा, तेही जेवणासाठी.

तीन रविवार तो गळ्याला फास लावल्यासारखा टाय बांधून बसला. इकडे व्हर्लीनचा आनंद गगनात मावेना. एवढ्या वर्षांची प्रार्थना फळाला आली म्हणून तिने दारोदार सांगितलं, त्याच्यासाठी पीचची गोड पेस्ट्री भाजली, आणि तिसऱ्या रविवारी त्याला जागेवर बसवताना त्याच कडक बोटाने त्याच्या टायची गाठ सरळ केली. ओझेलला ते लागलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. पण कुंडी आणायला तो दुसऱ्याच दिवशी गेला.

बुधवारी संध्याकाळी व्हर्लीन प्रार्थनेला गेली आणि हा कुंडी घेऊन स्वयंपाकघरात शिरला. वाकलेली तबकडी सरळ करायची तर दोन काचांमध्ये धरून मंद आचेवर ठेवावी लागते. काचा आणायच्या कुठून? भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक लग्नाची आणि एक पाद्रीबाबांची. दोन्हींच्या काचा काढल्या. कुंडी धुऊन घेतली होती, तरी भट्टी तापली तसा वास सुटला, कारण याने दिलेल्या माशांची आतडी मिस लूडी वर्षानुवर्षं त्याच कुंडीत खत म्हणून घालत आली होती. आपलेच मासे आपल्या नाकाला झोंबत होते.

तबकडी सपाट झाली खरी, पण कडेला झालरीच्या सुरकुत्या तशाच राहिल्या, तडेही गेले. खुराड्यातलं तबकड्या वाजवायचं यंत्र त्याने ओट्यावर मांडलं. सुई कडेला टेकवली की टाणकन उडायची. गाणं कडेला सुरू होतं ना, आणि कडेचीच तर झालर झाली होती. फक्त लेबलाजवळचा, कुंडीच्या बुडाचा तळहाताएवढा भाग सपाट राहिला होता. त्याने श्वास रोखून सुई तिथे ठेवली. खरखर, खरखर, आणि चिखलातून वर यावा तसा एका पोरीचा ठसक्यातला आवाज आला:

"...आणि जाशील तर ताट धुऊन जा."

संपलं. एवढीच ओळ. ओझेलने सुई पुन्हा मागे घेतली. पुन्हा ताट धुऊन जा. पुन्हा घेतली. एवढ्या वर्षांच्या वणवणीचं फळ म्हणजे भांडी घासायचा हुकूम. तो हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. म्हणूनच दार उघडल्याचं त्याला कळलं नाही.

व्हर्लीन दारात उभी होती, डोक्यावर हॅट, हातात हातमोजे. तिने भट्टी पाहिली, बिनकाचेचे पाद्रीबाबा पाहिले, ओट्यावरची सैतानाची थाळी पाहिली. राग आला की ती नवऱ्याला मिस्टर टार्पली म्हणायची आणि मग अहो-जाहो करायची, त्यामुळे पुढचं ऐकून ओझेलने घाईघाईने भट्टी विझवली.

"मिस्टर टार्पली, मिस लूडीने मला आत्ता सगळं सांगितलं. तुम्ही देवासाठी आला नव्हतात तर. तुम्ही कुंडीसाठी आलात."

ओझेलला थाप मारायचीही अक्कल उरली नव्हती. तो म्हणाला, "मी तुझ्यासाठी आलो होतो. ही तू आहेस. तुझा शेवट तेवढा मिळाला, सुरुवातीची झालर झाली."

व्हर्लीन हळूहळू ओट्याजवळ आली, सुई उचलली आणि स्वतःच तबकडीवर ठेवली. ताट धुऊन जा. तिने कपाळाला आठी घातली.

"फार रेंगाळतेय पोरगी," ती म्हणाली. "मी अशी गायले नव्हते."

"मला कसं कळणार, मी तबकडीच ऐकली, तुला कुठे," ओझेल म्हणाला.

"गावभर मासे वाटत हिंडलास. इथे या खुर्चीवर मी रोज बसते. मला कधी विचारलंस?"

व्हर्लीनने खिडकी लावली, मग दुसरी लावली, पाद्रीबाबांची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली. हॅट काढून टेबलावर ठेवली. बोटाने खूण करून नवऱ्याला खुर्चीवर बसवलं आणि ओट्याला टेकून, टाळीचा ठेका धरत, गाणं पहिल्यापासून धरलं. आवाज आता जाड झाला होता, वरच्या जागी जरा चिरकत होता, पण ठसका तोच. 'दार उघडंच आहे, येशील तर उपाशी ये.' शेजारच्या कुत्र्याने साथ दिली, तरी ती थांबली नाही.

गाणं संपल्यावर तिने विचारलं, "जेवलास का?"

तो सकाळपासून उपाशीच होता. तिने वाढलं, तो पोटभर जेवला, आणि मग कुणी न सांगता उठून ताट धुतलं.