पिवळं लेबल

“होल्डवर ठेवू या, ताई,” म्हणत तो खिशातून पिवळं लेबल काढायचा, आणि माझं डोकं सटकायचं.

चाकणच्या आमच्या कंपनीत मी लाइन सांभाळते. तो क्वालिटीत होता. माल चांगला तर हिरवं लेबल, खराब तर लाल, आणि ठरत नसेल तर पिवळं. याची लाल-हिरवी लेबलं खिशातच मळून जायची. “अरे बाबा, एकदा काय ते सांगून टाक ना!” मी ओरडायची. तो मान खाली घालून हसायचा. अशा माणसावर चिडणार तरी किती?

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. चहा की कॉफी विचारलं की “तुम्ही घ्याल ते” म्हणणारा. तो सातवीत असताना आई-वडिलांचा घटस्फोट झाला होता. आई रहाटणीत, वडील राजगुरुनगरला. एक रविवार इकडे, एक तिकडे. दिवाळीला दोन्हीकडे पोट फुटेस्तोवर जेवायचा, आणि एका घरी दुसऱ्या घराचं नाव काढायचा नाही.

आणि या बाबाचं प्रेम बसलं स्टोअरमधल्या मुलीवर. जवळच्याच गावातली, चांगली खमकी पोरगी. तिच्या वडिलांची एकच अट होती, “बाकी आमी काय बी मागत न्हाई. सुपारीला आई-बाप दोघंबी आले पायजेत.”

यात दोन वर्षं गेली. दोन वर्षं, बरं का!

“आईला विचारलंस?”

“नको ताई. बाबा येणार म्हटलं की तिचा चेहरा पडेल.”

“मग बाबांना?”

“त्यांचंही तेच. सध्या होल्डवर ठेवलंय.”

“ती पोरगी म्हणजे काय क्रेटमधला माल आहे का रे?”

शेवटी तीच माझ्यापाशी येऊन रडली. “ताई, घरच्यांनी दुसरं स्थळ आणलंय. मी किती दिवस थोपवू?” मग मात्र जेवणाच्या सुट्टीत मी त्याचा मोबाइल हिसकावला आणि दोन्हीकडे फोन लावले. आई म्हणाली, “येईन की. त्यानं कधी विचारलंच नाही.” वडीलही तेच म्हणाले. तो समोर बसून ऐकत होता, घास हातातच राहिला होता. त्याच्या एक कानाखाली द्यावी असं वाटलं, आणि जवळही घ्यावंसं वाटलं.

रविवारी जायचं ठरलं. “येतोय म्हणून आजच कळव त्यांना,” मी चार वेळा बजावलं. सोमवारी त्यानं सगळं सांगितलं. कळवलंच नव्हतं पठ्ठ्यानं, पोरीलासुद्धा नाही. आई-बाबा ऐन वेळी मागे फिरले तर, म्हणून थांबला होता. तिघं दारात उभे राहिले, तेव्हा मुलीचे वडील हात जोडून म्हणाले, “काल सांजच्याला सुपारी फुटली. येक फोन तरी करायचा, थांबलो असतो.”

मी झापायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, “ताई, परत येताना आई-बाबा मागच्या सीटवर शेजारी बसले होते. सातवीनंतर पहिल्यांदा. आई रडत होती, बाबांनी तिला पाण्याची बाटली दिली.” हे सांगताना तो चक्क हसला. मी उठून बाथरूममध्ये जाऊन रडले.

महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. आता आलेला पोरगा फटाफट लाल-हिरवं करतो, लाइन अडत नाही. पण पिवळं लेबल दिसलं की अजून माझा जीव चडफडतो. एक फोन, गाढवा. एकच तर करायचा होता.